यादवीनंतरची भिवंडी

मे १९७० मध्ये भिवंडी जळाली. त्यानंतर तिथे गेलेल्या लेखक-कलावंतांत बलराज साहनी होते आणि त्यांच्याबरोबर त्यांचे धाकटे बंधू भीष्म साहनी होते. त्या उद्ध्वस्त गावातून हिंडताना भीष्म साहनींना तेवीस वर्षांपूर्वीचे रावळपिंडी आठवले आणि दिल्लीला परतल्यावर त्यांनी 'तमस' लिहायला घेतली, हे त्यांनी स्वतःच आपल्या आत्मकथनात नोंदवले आहे. १९७५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या कादंबरीचा काळ फाळणीचा आणि प्रदेश पंजाबचा. पण ती भिवंडीतून निघालेली कादंबरी आहे, आणि तिचा शेवट वाचताना ती पुन्हा भिवंडीत येऊन पोहोचली असे मला दर वेळी वाटते.

तो शेवट असा : दंगल शमली आहे, शहरात अमन कमिटी स्थापन झाली आहे, सर्व पक्षांची आणि धर्मांची प्रतिष्ठित मंडळी एका बसमध्ये बसून शांततेच्या घोषणा देत निघाली आहेत. बसमध्ये पुढे बसून घोषणा देणारा माणूस आहे मुराद अली. नत्थू नावाच्या गरीब चांभाराला पैसे देऊन ज्याने डुक्कर मारवून घेतले आणि ज्या डुकराचे धूड मशिदीच्या पायरीवर सापडल्याने सगळा वणवा पेटला, तोच हा. त्याला ओळखू शकला असता असा एकच माणूस, नत्थू, आणि तो मेलेला आहे.

दंगलीवरच्या आपल्या बहुतेक लेखनाचा प्रश्न 'पेटवली कोणी?' हा असतो. साहनी शेवटच्या पानांवर दुसरा प्रश्न ठेवतात : विझल्यानंतर शांतता समितीत कोण बसले? भिवंडीवर आजवर जे महत्त्वाचे लिहिले गेले ते या दुसऱ्या प्रश्नाच्या उजेडात वाचावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी एका शब्दाविषयी. परक्याशी होते ते युद्ध आणि आपसांत होते ती यादवी, असा भेद मराठीने केला आहे. प्रभासक्षेत्री मद्य पिऊन यादव एकमेकांवर तुटून पडले, लव्हाळ्यांची मुसळे झाली आणि कुळाचा संहार झाला, ही मौसलपर्वातली कथा सर्वांना ठाऊक असते. ती कथा पुढे कुठे जाते हे मात्र फारसे सांगितले जात नाही. यादवांच्या मागे उरलेल्या स्त्रियांना घेऊन अर्जुन इंद्रप्रस्थाकडे निघतो. वाटेत आभीर त्यांच्यावर धाड घालतात. गांडीव ऐन वेळी दगा देते. स्त्रिया पळवल्या जातात, काही आपणहून निघून जातात, आणि महाभारतातला सर्वांत मोठा योद्धा हात चोळत उभा राहतो. म्हणजे ज्या कथेतून आपण हा शब्द उचलला तिच्यातही यादवी संहारापाशी संपत नाही. उरलेल्या बायकांचे काय, तिथपर्यंत ती जाते. शब्द घेताना आपण कथेचा उत्तरार्ध मागे सोडला.

हिंदू-मुसलमान दंग्यांना यादवी म्हणणे हे अतिशयोक्त वाटेल. डॉ. आंबेडकरांना तसे वाटले नव्हते. १९४० च्या 'पाकिस्तान'विषयक ग्रंथात त्यांनी आधीच्या वीस वर्षांतल्या दंगलींची वर्षवार जंत्री दिली आणि हे सुटे सुटे दंगे नसून, मधूनमधून थांबणारे एकच यादवी युद्ध आहे, अशा अर्थाचा निष्कर्ष काढला. त्यांचा राजकीय निष्कर्ष कोणाला पटो न पटो, निरीक्षण बोचरे आहे. फरक एका ठिकाणी मात्र खरोखरच पडतो. यादवी संपते तेव्हा दोन्ही बाजू टेबलाशी बसतात, करार होतो, नवी घटना लिहिली जाते, कधी सत्यशोधनाचा आयोग नेमला जातो. दंगल संपते तेव्हा संचारबंदी उठते आणि 'जनजीवन पूर्वपदावर' येते. आपल्या वृत्तपत्रांचा हा लाडका शब्दप्रयोग आहे. ज्या पदावरून गाव दंगलीत गेले, त्याच पदावर ते परत आले, ही बातमी आनंदाने कशी छापता येते?

भिवंडीचे पूर्वपद काय होते? कामवारी नदीकाठचे जुने व्यापारी गाव. मराठी-कोकणी बोलणारे कोकणी मुसलमान, आसपासच्या गावांतले आगरी, उत्तरेकडून येऊन स्थायिक झालेले मोमीन-अन्सारी विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, सुताचा व्यापार करणारे गुजराती-मारवाडी. हातमागांची जागा यंत्रमागांनी घेतली आणि गाव वाढत गेले. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाल्यावर गिरण्यांचे बरेचसे काम इथल्या मागांवर आले आणि भिवंडीला आकारच राहिला नाही. सूत हिंदूचे, माग मुसलमानाचा, कापड पुन्हा हिंदू व्यापाऱ्याकडे, असा इथला धंदा. म्हणून इथे दंगल परवडणारी नाही, असे कोणीही सांगेल. हा युक्तिवाद मला नेहमीच कच्चा वाटत आला आहे. धंद्याचे हे परस्परावलंबन १९७० मध्ये होते, १९८४ मध्येही होते. दोन्ही वेळा ते आडवे आले नाही.

७ मे १९७० ही वैशाख शुद्ध द्वितीया होती. शिवजयंती तेव्हा तिथीने याच दिवशी साजरी होत असे. भिवंडीत मिरवणूक निघाली आणि दंगल पेटली. दुसऱ्या दिवशी ती जळगावला आणि महाडला पोहोचली. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. पी. मदन यांचा चौकशी आयोग नेमला गेला. त्याचा अनेक खंडांचा अहवाल हा मराठी मुलखाविषयीच्या महत्त्वाच्या ग्रंथांपैकी एक आहे आणि आपण तो ग्रंथ म्हणून कधीच वाचला नाही. तो कायद्याचा दस्तऐवज म्हणून फडताळात गेला. मिरवणुकीचा मार्ग, गुलाल, घोषणा अशा किरकोळ दिसणाऱ्या गोष्टींतून एका गावात तेढ वर्षानुवर्षे कशी साठत जाते, याचे इतके बारीक वर्णन आपल्या सामाजिक लेखनात विरळा. गावातल्या राष्ट्रीय उत्सव मंडळावर आयोगाने तणाव वाढवल्याचा ठपका ठेवला. दुसऱ्या बाजूच्या जहाल संघटनांनाही मोकळे सोडले नाही. सर्वांत कठोर भाषा मात्र त्याने पोलिसांच्या विशेष तपास पथकासाठी राखून ठेवली. तपास धर्म पाहून झाला, हे एका न्यायाधीशाने शासकीय अहवालात पुराव्यांनिशी लिहिले.

मग पुढे? १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखालचा अहवाल ही शिफारस असते. तो सरकारला सादर होतो, सरकार त्यावर काय केले याचा जबाब सभागृहापुढे ठेवते, आणि निष्कर्ष बंधनकारक नसतात. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींवरील श्रीकृष्ण आयोगाचे काय झाले ते वाचकांच्या स्मरणात असेल : १९९६ च्या जानेवारीत तो गुंडाळला गेला, मेमध्ये पुन्हा उभा राहिला, १९९८ मध्ये अहवाल आला आणि तत्कालीन सरकारने तो नाकारला. दक्षिण आफ्रिकेने १९९५ च्या कायद्याने नेमलेल्या सत्य व सलोखा आयोगाला निदान एक सौदा करता येत होता : खरे सांगा, माफी मागा, मिळेल. त्या सौद्यावर पुष्कळ टीका झाली आणि ती रास्तही होती. आमच्याकडे सौदाच नाही. सत्य एका खात्यात जमा होते आणि न्याय दुसऱ्या खात्यात थकतो.

चौदा वर्षांनी, १७ मे १९८४ पासून, भिवंडी पुन्हा पेटली. या वेळी आग ठाणे आणि मुंबईपर्यंत गेली. मृतांचा एकत्रित आकडा २७८ असा नोंदला गेला. त्याच वर्षी असगर अली इंजिनिअर यांनी या दंगलींवर पुस्तक सिद्ध केले. तातडीच्या लेखनाचे गुणदोष त्यात आहेत, पण कागदपत्रे एकत्र ठेवण्याचे काम त्यांनी केले नसते तर कोणी केले असते असे वाटत नाही.

यानंतर जी गोष्ट येते तिच्यामुळे भिवंडीचे नाव जगभरच्या अभ्यासकांच्या पुस्तकांत गेले. १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या, जवळजवळ ७०. प्रत्येकीत हिंदू आणि मुसलमान समसमान, आणि प्रत्येक समितीशी ठाण्यातला एक कर्मचारी जोडलेला. सण असो की नसो, लोकांनी ठरावीक काळाने समोरासमोर बसायचे आणि नळावरच्या भांडणापासून अफवेपर्यंत सगळे तिथे मांडायचे. खोपड्यांची बदली झाल्यावर त्यांचे उत्तराधिकारी गुलाबराव पोळ यांनी समित्या चालू ठेवल्या. ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पडली, डिसेंबर आणि जानेवारीत मुंबईत सुमारे ९०० माणसे मारली गेली, आणि ज्या गावाकडे सर्वांचे भीतीने लक्ष होते ती भिवंडी शांत राहिली.

हे यश खरे आहे, त्याला कमी लेखणारा माणूस मला उद्धट वाटेल. वातानुकूलित खोलीत बसून 'ही तर पोलिसी शांतता' असे म्हणणे सोपे असते. ज्याचा माग दोनदा जळला आहे, त्याला तिसऱ्यांदा तो न जळणे म्हणजे काय हे समजते. खोपड्यांच्या 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' या पुस्तकाचे मोल इथे आहे. पोलीस अधिकाऱ्यांच्या आठवणींत बहुधा गुन्हेगार पकडल्याच्या कथा असतात. हा अधिकारी न घडलेल्या गोष्टीबद्दल लिहितो, आणि न घडलेल्या गोष्टीचे श्रेय घेणे किंवा देणे हे कथनाच्या दृष्टीने फार अवघड काम आहे. शिवाय आपल्या खात्याकडे तो आतून आणि नाराजीने पाहतो. ठाण्यातला साधा शिपाई हा कायद्याचा दांडका नसून वस्तीशी जोडणारा दुवा होऊ शकतो, हा त्याचा मुद्दा मदन आयोगाच्या पोलिसांवरील प्रकरणांना मिळालेले, उशिराचे का होईना, उत्तर आहे. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली पाहिजेत.

पण शीर्षकातला प्रश्नच पुस्तकाची सीमा आखतो. 'का जळाली नाही?' याचे उत्तर सापडले की शोध संपतो. आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या गाजलेल्या अभ्यासात हीच सीमा शास्त्रशुद्ध केली. अलीगढ-कालिकत, हैदराबाद-लखनौ, अहमदाबाद-सुरत अशा जोड्या लावून त्यांनी दाखवले की रोजच्या ओळखीपेक्षा संघटित नागरी बंध, म्हणजे दोन्ही धर्मांची माणसे एकत्र असलेल्या व्यापारी संघटना, कामगार संघटना, मंडळे, दंगल रोखतात. भिवंडी त्यांना महत्त्वाची वाटली, कारण असे बंध नव्याने आणि तेही सरकारी पुढाकाराने बांधता येतात हे तिने दाखवले. या सिद्धान्ताचा पाया असलेली आकडेवारी १९५० ते १९९५ या काळातील एका इंग्रजी दैनिकाच्या बातम्यांवरून जमवलेली आहे : दंगल कुठे झाली, माणसे किती मेली. एवढ्या मोठ्या तुलनेला दुसरे साधन नव्हते हे मान्य. तरी परिणाम असा होतो की जिथे बातमी नाही तिथे शांतता आहे. घराच्या उंबरठ्याआतली गोष्ट बातमी होत नाही. १९८४ नंतर कोणती मुलगी शाळेतून काढली गेली, कोणत्या बाईने दुसऱ्या मोहल्ल्यातले काम सोडले, कोणत्या विधवेच्या नावावर भरपाईचा धनादेश निघाला आणि तो कोणाच्या हाती गेला, हे मोजायला या पद्धतीत रकानाच नाही.

'तमस'मध्ये मदत समितीच्या कचेरीत बसलेला एक बाबू आहे. त्याला फक्त आकडे हवे असतात. लोक येऊन आपापली कहाणी सांगू लागतात, तो त्यांना थांबवतो आणि मेले किती, जखमी किती, नुकसान किती एवढेच विचारतो. साहनी त्याला दुष्ट रंगवत नाहीत. त्याचे काम तेच आहे. आपण सगळे अभ्यासक थोडेबहुत तो बाबू आहोत.

भिवंडीत तर या अडचणीला आणखी एक पदर आहे. हे स्थलांतरित पुरुषांचे शहर आहे. सात लाखांच्या पुढे गेलेल्या वस्तीत पुरुषांची संख्या स्त्रियांपेक्षा बरीच जास्त आहे, कारण माग चालवणारा माणूस एकटा येतो, बारा-बारा तासांच्या पाळीत काम करतो आणि बायको उत्तर प्रदेशातल्या किंवा बिहारमधल्या गावी असते. असा माणूस दंगलीत मेला तर त्याची विधवा भिवंडीत नसतेच. तिच्यापर्यंत आधी बातमी पोहोचायची, मग मृत्यूचा दाखला, मग भरपाईचा अर्ज. कुठल्याही मोहल्ला समितीच्या हद्दीत ती येत नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या आयोगाला आपल्या सुनावण्यांत एक विचित्र गोष्ट आढळली होती. साक्ष द्यायला स्त्रिया मोठ्या संख्येने येत होत्या, पण बोलत होत्या नवऱ्याच्या, मुलाच्या, भावाच्या हालांविषयी. स्वतःवर काय गुदरले ते सांगत नव्हत्या. स्त्री अभ्यासकांनी हे आयोगाच्या नजरेस आणून दिले आणि मग केपटाउन, दरबान, जोहान्सबर्ग इथे खास स्त्रियांसाठी सुनावण्या घेण्यात आल्या. साक्षीदाराची खुर्ची सर्वांसाठी उघडी ठेवली म्हणजे सर्वजण बोलतील असे होत नाही, खुर्ची कशी मांडली आहे यावर ते ठरते, हा त्यातला धडा आमच्या कोणत्याही चौकशी आयोगाने घेतलेला नाही. मुंबईत १९९३ नंतर जी मोहल्ला समिती चळवळ उभी राहिली तिच्यात ज्युलिओ रिबेरो आणि सतीश साहनी या पोलीस अधिकाऱ्यांच्या बरोबरीने सुशोभा बर्वे होत्या. त्यांच्या २००३ च्या 'हीलिंग स्ट्रीम्स' या पुस्तकाचा सूर खोपड्यांच्या पुस्तकाहून वेगळा लागतो तो याचमुळे. त्यांना दंगल का झाली नाही यापेक्षा झाल्यावर माणसे एकमेकांकडे पुन्हा कशी पाहतात यात रस आहे. मराठी आडनावाच्या बाईने मराठी शहराविषयी लिहिलेले हे पुस्तक आपण इंग्रजीत सोडून दिले.

स्त्रियांचा प्रश्न दंगलीनंतर मागे पडतो तो केवळ दुर्लक्षामुळे नव्हे. तो मागे ठेवला जातो. हमीद दलवाईंनी १९६६ च्या एप्रिलमध्ये सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर नेला आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. त्यानंतर दीड महिन्यातच भिवंडी पेटली. ज्या समाजाची घरे जळत आहेत त्याला आतून सुधारणा करायला सांगणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. 'इंधन'सारखी कादंबरी लिहिणाऱ्या दलवाईंना दंगलीचे मानस कळत नव्हते असे नाही. पण वेढल्या गेलेल्या समाजाचे नेतृत्व बोलणी करू शकणाऱ्या, म्हणजे ठाण्यात जाऊन बसू शकणाऱ्या, प्रतिष्ठित पुरुषांकडे जाते, आणि घरातल्या बाईचा हक्क ही 'आत्ता नको' अशी बाब होते. १९८४ च्या दंगलीला वर्ष पुरे व्हायच्या आत, २३ एप्रिल १९८५ रोजी, शाहबानो खटल्याचा निकाल लागला. पुढच्या वर्षी संसदेने कायदा करून त्याची धार बोथट केली. भिवंडीमुळे हे घडले असे मी म्हणत नाही. इंदूरच्या त्या वृद्धेचा आणि भिवंडीच्या मागांचा थेट संबंध नाही. मात्र समाजाशी बोलायचे म्हणजे समाजाच्या पुढाऱ्यांशी बोलायचे, ही दिल्लीतली रीत आणि ठाण्यातल्या बैठकीची रीत एकच होती. हिंदू बाजूलाही चित्र निराळे नव्हते. आपल्या 'आयाबहिणीं'च्या रक्षणाच्या घोषणा देणाऱ्या मंडळांनी त्या आयाबहिणींना बैठकीत काय स्थान दिले, हा प्रश्न तितकाच लागू पडतो.

समित्यांची दुसरी मर्यादा २००६ मध्ये उघडी पडली, आणि तिच्याकडे पुरेशा गांभीर्याने पाहिले गेले नाही. ५ जुलै २००६ रोजी कब्रस्तानाशेजारच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्याला विरोध करणारा जमाव आणि पोलीस यांची गाठ पडली. गोळीबारात दोघे मेले. त्याच रात्री दोन पोलीस शिपायांना जमावाने ठार मारले. हिंदू-मुसलमान दंगल झाली नाही, हे खरे. त्यामुळे काहींनी प्रयोग टिकल्याचे समाधान मानले. मला ती घटना प्रयोगाच्या मर्मावर बोट ठेवणारी वाटते. समिती पोलिसांनी जमवलेली, सदस्य पोलिसांनी निवडलेले, मध्यस्थ पोलीस. हिंदू आणि मुसलमान भांडतात तेव्हा ही रचना चालते. भांडण पोलिसांशीच असेल तर नागरिकाने कोणत्या दाराशी जायचे? आणि मुराद अली समितीत शिरणार नाही याची हमी तरी कोण देणार? खोपड्यांसारखा अधिकारी असेल तर त्याची नजर ही हमी. ती नजर बदलीच्या आदेशाबरोबर गावाबाहेर जाते. समित्यांना कायद्याचा आधार नव्हता, त्या भरवण्याचे बंधन कोणावर नव्हते, आणि त्यांच्यासमोर येणारा माणूस हक्क घेऊन येत नव्हता, तक्रार घेऊन येत होता.

इथे शेजारच्या नेपाळकडे पाहावेसे वाटते, कारण तिथे शब्दशः यादवी झाली. १९९६ ला सुरू झालेले माओवादी युद्ध २००६ च्या नोव्हेंबरात शांतता कराराने संपले. २००८ च्या संविधान सभेत सुमारे एकतृतीयांश स्त्रिया होत्या. युद्धातल्या अत्याचारांची चौकशी तिथेही रखडली, त्या बाबतीत त्यांनी आपल्याला हिणवण्यासारखे काही केलेले नाही. पण २०१५ च्या घटनेने एक तरतूद केली. प्रत्येक पालिकेत स्थानिक तंटे सोडवणारी एक न्यायिक समिती असेल आणि तिचे संयोजन उपमहापौर किंवा उपाध्यक्ष करील. दुसऱ्या नियमानुसार महापौर आणि उपमहापौर या दोन पदांसाठी पक्षाने एक पुरुष आणि एक स्त्री असे उमेदवार द्यायचे होते. २०१७ च्या निवडणुकीत पक्षांनी अपेक्षेप्रमाणे वरचे पद पुरुषाला आणि खालचे बाईला दिले. परिणाम असा की देशभरातल्या न्यायिक समित्यांच्या प्रमुखपदी बहुतेक ठिकाणी स्त्रिया बसल्या. शिवाय प्रत्येक प्रभाग समितीत दोन स्त्रिया, त्यांतली एक दलित. या समित्यांविषयी तक्रारी पुष्कळ आहेत, प्रशिक्षण नाही, नातेवाईक दबाव आणतात. तरीही नळावरचे, बांधावरचे, नवरा-बायकोचे भांडण घेऊन माणूस जिथे जातो तिथे घटनेने बसवलेली एक बाई आहे, आणि तिची बदली कोणी करू शकत नाही.

आपल्याकडे याचे सुटे भाग सगळे आहेत. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ ला, म्हणजे मुंबईची आग विझून काही महिने होताच, अमलात आली. तिने तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या आणि स्त्रियांना एकतृतीयांश जागा दिल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. भिवंडी-निजामपूर नगरपालिकेची २००१ मध्ये महानगरपालिका झाली. तिच्या ९० जागांपैकी निम्म्या स्त्रियांच्या. म्हणजे ज्या गावात मोहल्ला समितीचा प्रयोग झाला, त्याच गावात प्रत्येक मोहल्ल्यातून निवडून येणारी बाई घटनेने उभी केली. दोन्ही गोष्टी एकमेकींना भेटल्या नाहीत. प्रभाग समिती गटारे आणि दिवाबत्तीत अडकली, शांतता समिती ठाण्यात राहिली, आणि नगरसेविकेच्या मागे 'पतीराज' चालतात हा विनोद आपण तीस वर्षे सांगत आहोत. विनोद खोटा नाही. पण जो पती पालिकेत तिच्या खुर्चीमागे उभा असतो, तोच ठाण्याच्या बैठकीत थेट खुर्चीवर बसतो, आणि त्यावर कोणी विनोद करत नाही.

'तमस'कडे एकदा परत जायला हवे. कादंबरीत राजो नावाची एक मुसलमान बाई आहे. घरातले पुरुष लुटीला गेलेले असताना ती दारात आलेल्या हरनामसिंग आणि बंतो या शीख जोडप्याला आत घेते, लपवते, आणि रात्री सुखरूप बाहेर काढते. ती समितीची सदस्य नाही, तिला सलोखा हा शब्दही ठाऊक असेल की नाही. दुसरीकडे त्याच जोडप्याची मुलगी जसबीर इतर बायकांसह विहिरीत उडी घेते. साहनींनी दोघींना शेजारी ठेवले आणि भाष्य केले नाही. पुढे अमन कमिटीची बस निघते तेव्हा राजो तिच्यात नाही. ती असण्याची शक्यता कादंबरीतल्या कोणालाच सुचत नाही, आणि हे साहनींनी जाणूनबुजून केले की त्यांनाही ते सुचले नाही, याचा मी निकाल लावू शकलेलो नाही.

गोविंद निहलानींची 'तमस' दूरदर्शनवर १९८८ च्या जानेवारीत दाखवली गेली. प्रक्षेपण थांबवावे म्हणून लोक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने ते चालू ठेवले. त्याच वर्षी खोपडे भिवंडीत रुजू झाले. निहलानींनी शेवट बदलला. निर्वासितांच्या छावणीत नत्थूच्या बायकोला नवऱ्याचे प्रेत दिसते आणि तिला कळा सुरू होतात. हरनामसिंग आणि बंतो तंबूबाहेर थांबतात, मूल रडते आणि लांबून दोन्हीकडच्या घोषणा ऐकू येतात. बसमधल्या मुराद अलीपेक्षा हा शेवट प्रेक्षकाला सोसणारा आहे. त्यात बाईला जागा मिळाली, पण तंबूत.

भिवंडीत, राज्यातल्या कुठल्याही गावाप्रमाणे, गणपती आणि ईद जवळ आली की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक लागते. निमंत्रितांची यादी ठाण्यातच तयार होते. गेल्या वर्षीची यादी समोर ठेवून त्यातली वारलेल्यांची नावे काढली जातात, त्यांच्या जागी बहुधा मुलाचे नाव येते, आणि निरोप घेऊन शिपाई निघतो.